रक्तपिपासूची पात्ररचना : आधी उणीव, मग शक्ती

भूमिकाखेळ, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात तो प्रकार, वरवर पाहता बैठा खेळ आहे. पण त्यात पट नसला तरी चालते आणि शेवटी कोणी जिंकत वा हरत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, 'तुमचे पात्र आता काय करील?' असे विचारतो आणि खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. करू म्हटलेली गोष्ट साधेल की नाही याची शंका असेल, तेव्हा फासे पडतात. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार जगापुढे आला.

त्या खेळातील पात्रे बहुधा शूर योद्धे वा मांत्रिक असत. तळघरात उतरायचे, तेथील राक्षसाला मारायचे आणि खजिना घेऊन वर यायचे, हा त्यांचा नेम. १९९१ मध्ये मार्क राइन-हेगन यांनी घडवलेला 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा खेळ व्हाइट वुल्फ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला आणि हा नेम उलटा झाला. येथे राक्षस तळघरात दडलेला नसतो. तो खेळाडूच्याच खुर्चीत बसलेला असतो. जिवंत माणसाच्या रक्तावाचून त्याचे भागत नाही आणि आपण कधी काळी माणूस होतो, याचा विसरही त्याला अजून पडलेला नाही. खेळाचे सारे नाट्य या दोन गोष्टींच्या ओढाताणीत आहे.

अडचण एवढीच, की या खेळाचे नियम भरपूर आहेत. २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीचे मुख्य पुस्तकच सुमारे ४०० पानांचे आहे. नऊ गुण, सत्तावीस कौशल्ये, अनेक कुळे, त्यांच्या सिद्धी, ओळखीपाळखी, मालमत्ता, वैरी... पहिल्यांदाच खेळणाऱ्या मंडळींची निम्मी संध्याकाळ पात्राचा कागद भरण्यातच संपते. म्हणून पुष्कळ ठिकाणी नियमांची काटछाट करून सोपी आवृत्ती खेळली जाते. त्यात गैर काही नाही. पण काटछाट करताना कात्री बहुधा चुकीच्या जागी चालते. रक्तपिपासूच्या शक्ती राहतात, त्याचे शाप गळतात. भिंती चढणे, नजरेने भुलवणे, वाऱ्याच्या वेगाने धावणे हे सारे उरते. भूक, लाज, पश्चात्ताप यांचे नियम मात्र 'फार किचकट' म्हणून वगळले जातात. मग रक्तपिपासूच्या नावाने जे पात्र तयार होते, तो निव्वळ रात्री फिरणारा एक बलदंड नायक असतो. सोपा खेळ खेळायचा असेल तर काय टाकता येते आणि काय टाकता येत नाही, हा या पात्ररचनेतील कळीचा प्रश्न आहे.

त्यासाठी हा रक्तपिपासू कोणत्या घराण्यातला, हे आधी पाहिले पाहिजे. युरोपच्या लोककथांतील रक्तपिपासू हे फुगलेले, गबाळे, थडग्यातून उठणारे प्रेत होते. त्याला दिवाणखान्यात आणले ते कवी बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याने. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी जमलेल्या ज्या मंडळींत 'फ्रँकेन्स्टाइन'चा जन्म झाला, त्याच मंडळींत पोलिडोरीही होता. त्याची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये छापली गेली आणि रक्तपिपासू सरदार-दरकदारांत वावरू लागला. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने १८९७ मध्ये त्याला कायमचे प्रसिद्ध केले. मात्र त्या कादंबरीत ड्रॅक्युला स्वतः निवेदक कधीच होत नाही. त्याच्याविषयी इतरांच्या रोजनिश्या आणि पत्रे बोलतात. अॅन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये, १९७६ साली, रक्तपिपासू स्वतःची कहाणी स्वतः सांगतो आणि तीही अपराधी मनाने. 'मास्करेड'मधील पात्र या शेवटच्या परंपरेतले आहे. त्याला आतला आवाज आहे, म्हणूनच त्याची भूमिका करता येते.

मराठी वाचकाला येथे वेताळ आठवेल. रिचर्ड बर्टनने वेताळाच्या कथांचे इंग्रजी रूपांतर १८७० मध्ये केले, तेव्हा पुस्तकाच्या नावातच विक्रमाशेजारी 'व्हॅम्पायर' हा शब्द घातला. ही जोडी तशी ओढूनताणूनच जमवलेली. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ प्रेतात वस्ती करतो खरा, पण त्याला हवे असते उत्तर, रक्त नव्हे. भुकेचा शाप वेताळाला नाही, आणि 'मास्करेड'मधून भूक काढली तर उरतेच काय?

आता प्रत्यक्ष पात्ररचना. सोप्या खेळात ती अर्ध्या तासात, एका कागदावर व्हावी, अशी अपेक्षा असते. नवखा खेळाडू सुरुवात शक्तींपासून करतो, कारण पुस्तकातील सर्वात चमकदार पाने तीच असतात. त्याऐवजी पहिला प्रश्न असा विचारावा, की हे पात्र जिवंतपणी कोण होते आणि त्याच्या मागे कोण उरले आहे? उत्तर जितके साधे, तितके पात्र चालते. तिसऱ्या शतकातील रोमन सेनापती, पाचशे वर्षे वयाचा सूडकरी किल्लेदार असली पात्रे कागदावर भारदस्त दिसतात, पण त्यांच्या ओळखीचे सगळे केव्हाच मरून गेलेले असतात. म्हणजे गमावण्यासारखे काही शिल्लक नसते. दोन-तीन वर्षांपूर्वी मेलेल्या शिक्षकाची बायको, मुले, थकलेले कर्ज, अर्धवट तपासलेल्या उत्तरपत्रिका हे सारे अजून जागेवर असते. पहिल्या खेळासाठी हा शिक्षक त्या सेनापतीपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

उदाहरणादाखल एक पात्र शेवटपर्यंत घडवून पाहू. स्थळ अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी. शिकागोला लागून असलेले हे पोलादाचे शहर या खेळाच्या अगदी सुरुवातीच्या कथानकांतही होते आणि त्याची निवड अचूक होती. यू. एस. स्टीलच्या कारखान्यासाठी १९०६ मध्ये वसवलेल्या या शहराची लोकसंख्या १९६० मध्ये सुमारे १ लाख ७८ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ७० हजारांच्याही खाली आली. ओस पडलेली घरे, बंद नाट्यगृहे आणि रात्रपाळीच्या गाड्यांखेरीज रिकामे रस्ते. माणसांची गर्दी नसलेल्या शहरात माणसांवर जगणाऱ्याची पंचाईत आपोआप होते. आपले पात्र येथील एका काल्पनिक रुग्णालयातील रात्रपाळीची मुख्य परिचारिका. वय बेचाळीस. हाताखालच्या माणसांकडून काम करून घेण्यात वाकबगार, रागावली तरी आवाज न चढवणारी. रुग्णालयाच्या विश्वस्तांपैकी एक जण रक्तपिपासू होता. वॉर्डवरची तिची हुकमत त्याच्या नजरेत भरली आणि त्याने तिला आपल्यासारखे केले. तिची संमती त्याने विचारली नाही.

हा शेवटचा तपशील नुसता चटका लावण्यासाठी नाही. या खेळात प्रत्येक रक्तपिपासूचा एक जन्मदाता असतो आणि त्याचे कूळ तेच पात्राचे कूळ. १९९१ च्या मूळ पुस्तकात सात कुळे होती : ब्रूहा, गँग्रेल, माल्केव्हियन, नोस्फेरातू, टोरेडोर, ट्रेमेअर आणि व्हेंट्रू. पुढे त्यांत भर पडत गेली. सोप्या खेळात ही सातच ठेवावीत, किंबहुना तीन-चारच पुरेत. कुळाबरोबर तीन सिद्धी मिळतात आणि एक शाप मिळतो. कुळाची निवड शापाकडे पाहून करावी, असा अनुभवी सूत्रधारांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. नोस्फेरातू कुळातील पात्र इतके विद्रूप होते, की माणसांत उघड्या तोंडाने वावरताच येत नाही. ज्याला जिवंतपणी आपल्या रूपाचा अभिमान होता, त्याला हे कूळ द्यावे. ब्रूहांना राग आवरत नाही. जो आयुष्यभर समजूतदार म्हणून ओळखला गेला, त्याला ते द्यावे. टोरेडोर हे कलावंतांचे कूळ, आणि जुन्या आवृत्त्यांत सुंदर वस्तू दिसली की ते देहभान हरपून तेथेच खिळून राहतात, मग पाठीमागून शत्रू येवो की सूर्य उगवो.

आपली परिचारिका व्हेंट्रू. हे सत्ताधाऱ्यांचे, धनवंतांचे कूळ आणि त्याचा शापही खानदानी आहे : व्हेंट्रूला ठरावीक प्रकारच्या माणसाचेच रक्त पचते. इतरांचे पोटात टिकत नाही. टिकवायचे तर इच्छाशक्ती खर्ची घालावी लागते. तो ठरावीक प्रकार कोणता, हे खेळाडूने ठरवायचे असते. कोणी सैनिक म्हणतो, कोणी विधवा, कोणी सोनेरी केसांची माणसे. परिचारिकेसाठी असे ठरवू, की तिला रात्रपाळी करणाऱ्यांचेच रक्त चालते. म्हणजे तिचे सहकारी, रुग्णवाहिकेचे चालक, पोलाद कारखान्यातील कामगार, पहाटे फरशी पुसणारी बाई. जी माणसे तिची होती, नेमकी तीच आता तिचे अन्न झाली. एका वाक्याच्या शापातून तिची गोष्ट सुरू झाली, अजून एकही आकडा लिहिलेला नसताना.

आकडे मात्र लागतातच. मूळ पद्धतीत नऊ गुण तीन गटांत विभागलेले असतात : शारीरिक, सामाजिक व मानसिक. पूर्वीच्या आवृत्त्यांत खेळाडूने या गटांचा क्रम लावायचा आणि त्यांत अनुक्रमे ७, ५ व ३ ठिपके वाटायचे, अशी रीत होती. कागदावर प्रत्येक गुणापुढे पाच पोकळ वर्तुळे छापलेली असतात आणि पेन्सिलीने ती भरायची असतात. सोप्या खेळात नऊ गुणांऐवजी तीन गटांनाच गुण मानले तरी काही बिघडत नाही. सर्वात बळकट गटाला ४ ठिपके, मधल्याला ३, दुबळ्याला २. परिचारिकेचे सामाजिक ४, मानसिक ३, शारीरिक २. कौशल्यांची लांबलचक यादीही अशीच आटोपती घ्यावी. पाच कौशल्ये पुरतात : एकात ३ ठिपके, दोहोंत प्रत्येकी २ आणि उरलेल्या दोहोंत प्रत्येकी १. तिला वैद्यकात ३, माणूस ओळखण्यात २, आवाज न करता वावरण्यात २ (रात्री वॉर्डात फिरणाऱ्या परिचारिकेला ते आपोआप साधते), गाडी चालवण्यात १ आणि थाप मारण्यात १. पुस्तकातील बाकीचे सारे खुशाल सोडून द्यावे.

सिद्धींच्या बाबतीत पाचव्या आवृत्तीचा नियम मुळातच सोपा आहे. कुळाच्या तीन सिद्धींपैकी एकीत दोन ठिपके, दुसरीत एक. व्हेंट्रूंच्या सिद्धी म्हणजे दुसऱ्यावर हुकमत चालवणे, देहाची चिवटता आणि समोरच्याला दिपवणारे तेज. परिचारिकेने हुकमतीत दोन घेतले. त्यातील अगदी प्राथमिक पायरीवर समोरच्याच्या डोळ्यांत पाहून त्याला गेल्या काही मिनिटांचा विसर पाडता येतो. ही सिद्धी कागदावर फार साधी दिसते. पण सहकाऱ्याचे रक्त पिऊन झाल्यावर 'तुला डुलकी लागली होती' असे त्याला सांगणारी आणि त्याचा त्यावर विश्वास बसलेला पाहणारी परिचारिका डोळ्यांपुढे आणली, म्हणजे शक्ती आणि शाप हे दोन वेगळे रकाने नाहीत, हे ध्यानात येते.

शिकार ती कशी करते? पाचव्या आवृत्तीत हा प्रश्न प्रत्येक पात्राला विचारला जातो. कोणी मद्यालयात प्रेमाचे नाटक करतो, कोणी गल्लीत झडप घालतो, कोणी जनावरांवर भागवतो, कोणी पिशवीतले रक्त पैदा करतो. परिचारिका म्हटल्यावर रक्तपेढी हेच उत्तर नव्या खेळाडूच्या तोंडी येईल. नियम तेथे आडवा येतो : पिशवीवर किंवा जनावरांवर जगण्याची मुभा व्हेंट्रूंना नाही. नियमाचा असा अडथळा आला की सूत्रधाराने तो सैल करू नये. सोय नाकारली गेली, म्हणून तर ती झोपलेल्या माणसांकडे वळते. विश्रांतीच्या खोलीत अर्धा तास आडवे झालेल्यांकडे.

खेळाच्या नावातील 'मास्करेड' म्हणजे मुखवट्यांचा नाच. येथे त्याचा अर्थ रक्तपिपासूंचा सर्वोच्च कायदा असा आहे. आपले अस्तित्व माणसांना कळू द्यायचे नाही. पात्ररचनेपुरता त्याचा उपयोग एवढाच, की प्रत्येक पात्राला दिवसा लपण्याची जागा आणि रात्री सांगण्याजोगी ओळख लागते. परिचारिकेने दिवसपाळी का सोडली, जेवणाच्या सुट्टीत ती डबा का उघडत नाही, याची उत्तरे कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळींत लिहून ठेवली तर खेळताना अडत नाही.

आता ज्या दोन गोष्टी कात्रीपासून वाचवायच्या, त्यांच्याकडे वळू. पहिली भूक. मूळ आवृत्त्यांत रक्ताचा साठा मोजला जाई. टाकीतल्या पेट्रोलसारखा तो वापरायचा आणि संपला की भरायचा. पाचव्या आवृत्तीने साठा मोजणे सोडून तहान मोजायला सुरुवात केली, आणि गंमत अशी, की ही पद्धत अधिक सोपीही आहे. भुकेची पट्टी ० ते ५ अशी असते. दर संध्याकाळी जागे होताना आणि बहुतेक सिद्धी वापरताना दहा बाजूंचा एक फासा टाकायचा. ६ किंवा अधिक पडले तर ठीक, कमी पडले तर भूक एकाने वाढते. भूक जेवढी, तेवढे नेहमीचे फासे बाजूला काढून त्यांच्या जागी लाल फासे घ्यायचे.

कोणतीही कृती करताना गुण आणि कौशल्य यांच्या ठिपक्यांची बेरीज करून तेवढे फासे टाकतात आणि ६ वा अधिक दाखवणारा प्रत्येक फासा हे एक यश धरतात. परिचारिकेला निजलेल्या सहकाऱ्यापर्यंत आवाज न करता पोहोचायचे आहे. शारीरिक २ आणि आवाज न करता वावरणे २, म्हणजे चार फासे. सूत्रधाराने दोन यशे मागितली, तर ती मिळण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के. वाईट नाही. पण समजा तिची भूक ३ आहे. मग चारांपैकी तीन फासे लाल. तीन लाल फाशांत निदान एकावर १ पडण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. कृती फसली आणि लाल फाशावर १ दिसला, तर नुसते अपयश येत नाही, आतले जनावर काही काळ ताबा घेते. उलट बाजूही तितकीच भयंकर आहे. दोन फाशांवर १० पडले तर घवघवीत यश मानतात. पण त्यांतील एखादा दहा लाल फाशावरचा असेल, तर यश मिळते ते रक्ताने माखलेले. तिला फक्त दार उघडायचे होते, दार मोडून पडले. भूक पुरती शून्यावर आणायची तर माणसाचा जीव घेण्याखेरीज मार्ग नाही. न मारता प्यायले तर ती १ वर थांबते. म्हणजे सज्जन रक्तपिपासू जन्मभर थोडा उपाशीच राहतो.

दुसरी गोष्ट माणुसकी. ही १० घरांची पट्टी असून नवे पात्र बहुधा ७ वर सुरू होते. तिच्या जोडीला खेळाडूने एक ते तीन ब्रीदे लिहायची आणि प्रत्येक ब्रीदापुढे एक जिवंत माणूस. पुस्तक या माणसाला 'टचस्टोन' म्हणते. सोन्याचा कस लावायचा दगड, कसोटी. सोप्या खेळात एक ब्रीद आणि एक माणूस पुरे. परिचारिकेचे ब्रीद : जो स्वतःहून माझ्या हाती सोपवला गेला, त्याला इजा करायची नाही. आणि तिची कसोटी म्हणजे तिच्याच वॉर्डातील तरुण परिचारक, जो तिच्याकडे शिकला, जो तिच्यावर आईसारखा विसंबतो आणि ज्याची नेमणूक अजूनही रात्रपाळीत आहे. ज्याला जपायचे तोच तिला पचणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक. या एका जोडणीसाठी कुळाची, शापाची आणि शिकारीची निवड आधी करावी लागते. ती उलट क्रमाने सहसा जमत नाही.

पात्राने माणुसकीला बाधा येईल असे काही केले, की पट्टीच्या रिकाम्या घरांत डाग पडतो. संध्याकाळच्या शेवटी डाग नसलेली जेवढी रिकामी घरे उरली तेवढे फासे टाकायचे, निदान एक तरी. एकही यश आले तर पात्राला खरा पश्चात्ताप झाला असे मानून डाग पुसतात. नाही आले तर माणुसकी एकाने उतरते. ७ वर असलेल्या पात्राची रिकामी घरे तीन. एक डाग पडला तर दोन फासे मिळतात आणि निभावण्याची शक्यता ७५ टक्के. दोन डाग पडले तर एकच फासा, नाणेफेकच म्हणायची. हे गणित पाचवीतल्या मुलालाही समजेल असे आहे. तरी सोप्या आवृत्त्यांत पहिला बळी याच नियमाचा जातो, याचे कारण तो अवघड आहे हे नसून तो खेळाडूला अवघडवतो हे असावे.

आकडेच नकोत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीही एक जुनी वाट आहे. १९९३ मध्ये याच खेळाची उभ्याने, वेशभूषा करून, मोठ्या दालनात फिरत खेळण्याची आवृत्ती 'माइंड्स आय थिएटर' या नावाच्या मालिकेत निघाली. त्यात फासे नाहीत. पात्राच्या कागदावर ठिपक्यांऐवजी विशेषणे असतात : चपळ, देखणा, धूर्त, शांत. दोन पात्रांत झटापट झाली, की प्रत्येकाने आपले एक विशेषण पणाला लावायचे आणि निकाल दगड-कागद-कात्रीने करायचा. हरणाऱ्याचे ते विशेषण त्या रात्रीपुरते जाते. शाळेच्या मैदानावरचा खेळ रक्तपिपासूंच्या दरबारात पोहोचला म्हणून त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. पण पात्ररचनेच्या दृष्टीने ही कल्पना सुरेख आहे. 'सामाजिक ४' म्हटल्याने डोळ्यांपुढे काहीच येत नाही. 'करारी', 'मायाळू', 'धीराची', 'विश्वासू' अशी चार विशेषणे लिहिली आणि भांडणात 'विश्वासू' हेच पणाला लावून गमावले, तर त्या रात्री पुढे काय होणार, हे सूत्रधाराला सांगावे लागत नाही.

या उभ्या खेळाबरोबर काही कडक नियमही आले. कोणी कोणाला स्पर्श करायचा नाही, शस्त्रे किंवा शस्त्रांसारखे दिसणारे काही आणायचे नाही, दारू पिऊन यायचे नाही. टेबलावरच्या खेळाला हे नियम लागत नाहीत, परंतु त्यामागची काळजी तेथेही लागते. झोपलेल्याचे रक्त पिणे, मनावर ताबा मिळवणे, आठवण पुसणे हे विषय काल्पनिक असले, तरी टेबलाभोवतीची माणसे खरी असतात आणि त्यांतील कोणाच्या वाट्याला काय आले आहे, हे इतरांना ठाऊक नसते. म्हणून पात्रे तयार करण्याच्या बैठकीतच, कोणते विषय खेळात आणायचे नाहीत, हे ठरवून घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलॉस यांनी प्रचारात आणलेले 'एक्स कार्ड' पुष्कळ ठिकाणी वापरतात : फुली काढलेला एक कागद टेबलाच्या मध्ये ठेवायचा, ज्याला प्रसंग सोसवत नाही त्याने त्याला बोट लावायचे, आणि प्रसंग तेथेच सोडून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही.

ही काळजी पात्राच्या पूर्वेतिहासातही घ्यावी लागते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे खुद्द प्रकाशकांनी २०१८ मध्ये अनुभवले. पाचव्या आवृत्तीबरोबरच्या 'कॅमरिला' या पुस्तकात चेचन्यातील समलिंगी व्यक्तींच्या छळाचा संबंध रक्तपिपासूंच्या कारस्थानाशी जोडला होता. तो छळ त्या वेळी प्रत्यक्षात घडत होता, माणसे खरोखर कोंडली आणि मारली जात होती. टीकेचा भडका उडाला, विक्री थांबवून तो भाग पुस्तकातून काढण्यात आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मालक असलेल्या स्वीडनच्या पॅरडॉक्स इंटरॅक्टिव्ह कंपनीने व्हाइट वुल्फचे स्वतंत्र कामकाज संपुष्टात आणले. खऱ्या माणसांनी केलेल्या अत्याचाराचे खापर कल्पित राक्षसाच्या माथी फोडले, की खरा गुन्हेगार सुटतो, हा त्या टीकेचा रोख होता. आपल्या पात्रालाही तो लागू पडतो. गॅरीतील कारखान्यांतल्या नोकऱ्या का गेल्या, याची कारणे पोलादाच्या बाजारात आणि यंत्रांत आहेत. परिचारिकेच्या विश्वस्त जन्मदात्याने त्या पडझडीत आपली पोळी भाजून घेतली, इथपर्यंत ठीक. ती पडझड त्यानेच घडवली, असे लिहू नये.

कागद भरून झाला की सूत्रधाराने तो वाचून दोनच गोष्टी तपासाव्यात. पात्राला आजच्या आज कोणाकडे तरी जावेसे वाटेल का, आणि तेथे जाण्याची भीती वाटेल का. परिचारिकेच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी आहेत. इतर खेळाडूंची पात्रे तिच्याशी कशी जोडली जातात, हेही याच वेळी ठरवावे. रक्तपिपासू एकलकोंडे असतात, हे कादंबरीत शोभते, पण चार जण टेबलाशी बसले असताना चौघांनी चार दिशांना तोंडे केली तर सूत्रधाराचा जीव मेटाकुटीला येतो. एकच जन्मदाता, एकच लपण्याची जागा किंवा एकाच वॉर्डाशी संबंध, एवढे सूत्रही पुरते. नंतर दोन-तीन बैठका झाल्यावर एखादे कौशल्य वा सिद्धी बदलावीशी वाटली, तर ती बदलू द्यावी. ब्रीद आणि कसोटीचे माणूस मात्र खेळाडूच्या लहरीने बदलत नाही. ते बदलते ते टेबलावर जे घडले त्यामुळे. तो तरुण परिचारक मेला, तर त्याच्याबरोबर ब्रीदही जाते आणि पट्टीवर डाग राहतात.

माणुसकीची पट्टी शून्यावर आली की नियम एका ओळीचा आहे. पात्र मरत नाही. ते आता पूर्णपणे आतल्या जनावराच्या ताब्यात गेले, असे मानून खेळाडूने त्याचा कागद सूत्रधाराच्या हाती द्यायचा. पुढे ते पात्र कथेत दिसलेच, तर वॉर्डाच्या टोकाला उभी असलेली कोणी एक आकृती म्हणून दिसते, आणि ती काय करील हे त्या खेळाडूला इतरांइतकेच ठाऊक असते.